व्हॅनमागे कार लावून न्यायची असेल तर: वजनाच्या हिशोबापासून कार उतरवेपर्यंत

व्हॅनमागे कार लावायची म्हटलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, "ओढेल का?" अहो ओढेल की. सपाट रस्त्यावर न्यूट्रलला टाकलेली कार दोन माणसं ढकलतात, व्हॅनला त्यात काय जड. विचारायला हवं ते असं की मागचा तो दीड टन ब्रेक दाबल्यावर थांबेल का, उतारावर तुम्हालाच पुढे ढकलेल का आणि वेगात असताना व्हॅनचं शेपूट धरून हलवेल का. हे मी पुस्तकातून नाही शिकलो. एकदा घाईघाईत कार ट्रेलरवर थोडी जास्तच मागे उभी केली आणि ताशी ७५ च्या आसपास पोचल्यावर मागून जे काही डुलायला लागलं त्यानंतर पुढचे दोन दिवस माझे खांदे दुखत होते, इतकं घट्ट स्टिअरिंग धरलं होतं. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या दिवसानंतर नीट समजून घेतलेलं आहे.

आधी कागद-पेन घ्या

व्हॅनच्या मॅन्युअलमध्ये आणि दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर चार आकडे शोधायचे. व्हॅनचं स्वतःचं रिकामं वजन, माल-माणसं धरून जास्तीत जास्त वजन, ब्रेकवाला ट्रेलर किती ओढता येतो आणि बिनब्रेकचा किती, आणि चौथा म्हणजे व्हॅन अधिक ट्रेलर मिळून एकूण किती. हा चौथा आकडा लोक हमखास विसरतात आणि घोळ तिथेच होतो. समजा व्हॅन भरून २८०० किलोपर्यंत चालते, ट्रेलर २००० किलो ओढता येतो, पण दोन्हीचं मिळून ४५०० च चालतं. म्हणजे व्हॅन गच्च भरली असेल तर मागे फक्त १७०० उरतात, २००० नाही. दोन्ही वेगवेगळं बघितलं तर सगळं बरोबर वाटतं, बेरीज केली की चुकतं.

आता छोट्या व्हॅनचं गणित बघा. छोटी हॅचबॅक साधारण ९०० ते ११०० किलो, कार वाहून न्यायचा ट्रेलर स्वतः ४५० ते ७०० किलो, म्हणजे दीड टन झालाच. बऱ्याच छोट्या व्हॅनना १०००-१२०० किलोच्या वर ओढायची परवानगीच नसते, आणि काहींना तर कंपनीने ओढायला शून्य दिलेलं असतं. शून्य म्हणजे शून्य, "थोडंसं चालतं" असा त्याचा अर्थ नाही. अशी व्हॅन असेल तर हा लेख इथेच थांबवून रिकव्हरीवाल्याला फोन करा, मी पण तेच करतो.

आणि एक ढोबळ नियम, नवीन असाल तर मागचं एकूण वजन व्हॅनच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. मॅन्युअल जास्त म्हणत असलं तरी. शेपूट कुत्र्यापेक्षा जड झालं की शेपूटच कुत्र्याला हलवायला लागतं, एवढं साधं आहे ते. व्हीलबेस आखूड असेल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर कमी, तर अजून सांभाळून.

लायसन्स कुठल्या वजनापर्यंत चालतं, विम्यात ओढलेली गाडी धरतात का, वेगमर्यादा किती हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, निघायच्या आदल्या दिवशी बघून ठेवा, रस्त्यात उभं राहून नको.

न्यायची कशी: दोरी, डॉली की ट्रेलर

हे ठरतं मागच्या कारवरून. (डॉली म्हणजे कारची फक्त दोन चाकं वर चढवायची छोटी दोनचाकी गाडी.) पुढची चाकं फिरवणारी, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह मॅन्युअल कार असेल तर पुढची दोन चाकं डॉलीवर चढवून मागची जमिनीवर फिरू दिली तरी चालतं, फक्त हँडब्रेक सोडलाय ना हे तीनदा बघा. मागच्या चाकांवर चालणारी कार असेल तर तीच डॉली घातक, कारण जमिनीवर राहिलेली चाकं गिअरबॉक्स फिरवत राहतात आणि बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे आतमध्ये तेल फिरत नाही आणि सगळं कोरडंच घासत राहतं. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं वर, यात चर्चा नाही. इलेक्ट्रिक कारचं पण तेच, चाकं फिरली की मोटर फिरते आणि फिरणारी मोटर वीज तयार करते, ती जाणार कुठे, म्हणून ती ट्रेलरवरच न्यायची.

डॉलीबद्दल एक गैरसमज खूप आहे. कार अर्धीच डॉलीवर असते म्हणून ओढायचं वजनही अर्धंच धरतात. तसं नसतं बाबांनो, ओढायची आणि थांबवायची पूर्ण कारच असते, वर डॉलीचं वजन. शिवाय डॉलीला रिव्हर्स जवळजवळ घेताच येत नाही, दोन ठिकाणी वाकते ती, त्यामुळे पेट्रोल पंपावर घुसायच्या आधी बाहेर कसं पडणार ते बघून घुसा.

माझं मत विचाराल तर लांब जायचं असेल तर ब्रेकवाला ट्रेलर, दुसरं काही नाही. दोरीने ओढणं फक्त बंद पडलेली गाडी धोक्याच्या जागेवरून बाजूला घ्यायला किंवा अगदी जवळच्या गॅरेजपर्यंत. त्याबद्दल शेवटी लिहितो.

जोडणी

हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा व्हॅनमागचा लोखंडी आकडा, व्हॅनच्या चासीला बोल्ट केलेली हवी. मागच्या बंपरला वेल्डिंग करून लावलेला जुगाड बघितलाय मी, एका खड्ड्यात बंपरसकट बाहेर येतो तो. हिचवरच्या गोळ्याचं, म्हणजे बॉलचं माप आणि त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाचं, म्हणजे कपलरचं माप एकच असायला पाहिजे. ५० मिलिमीटर, दोन इंच, एक सात अष्टमांश इंच, दोन पाच सोळांश इंच असे बॉल मिळतात आणि त्यातले ५० मिमी आणि दोन इंच हे दिसायला सारखे पण आकाराने थोडे वेगळे आहेत (दोन इंच म्हणजे ५०.८). मोठ्या कपलरमध्ये छोटा बॉल बसतो, लॉक पण होतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. कपलरवर माप कोरलेलं असतं, वाचा.

कपलर बसवून लॉक केला की एक टेस्ट करायचीच. ट्रेलरचं पुढचं जॅक चाक खाली सोडून फिरवत वर उचला. व्हॅनचा मागचा भाग ट्रेलरबरोबर वर उचलला गेला पाहिजे. कपलर एकटाच वर आला तर लॉक झालेलंच नव्हतं. एक मिनिट लागतं. झालं की जॅक परत पूर्ण वर घेऊन आवळून टाका, नाहीतर रस्त्यावर घासत जातं.

साखळ्या दोन, आणि त्या कपलरच्या खालून क्रॉस करून लावायच्या, डावीकडची उजव्या कडीला, उजवीकडची डाव्या. कारण कपलर निसटलाच तर त्याचं तोंड त्या क्रॉसवर झोळीसारखं पडतं, रस्त्यात रुतत नाही. लांबी इतकी की वळताना ताणू नयेत आणि जमिनीला पण लागू नयेत. ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार, ती व्हॅनच्या चासीला किंवा हिचवर तिच्यासाठी दिलेल्या कडीला अडकवायची. बॉलच्या मानेवर नुसती गुंडाळली आणि बॉलच तुटला तर तारही त्याच्याबरोबर गेली, मग उपयोग काय.

लाइट चेक करायला एक माणूस मागे उभा करा. इंडिकेटर दोन्ही, ब्रेक, टेल. डावा इंडिकेटर दिला आणि सगळेच लाइट मंद मंद लुकलुकायला लागले तर बहुतेक वेळा अर्थिंग खराब असतं, प्लगमधली ती पिन घासून बघा आधी, बल्ब बदलत बसू नका.

ट्रेलरचे टायर. ट्रेलर वर्षभर उभा असतो त्यामुळे टायरची नक्षी नवी कोरी दिसते पण रबर उन्हाने तडकलेलं असतं. बाजूवर चार आकडी कोड असतो, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. भेगा दिसल्या तर त्या टायरवर कार लादू नका. हवा टायरवर किंवा ट्रेलरच्या पट्टीवर लिहिलेली, आणि व्हॅनच्या मागच्या टायरमध्ये पण फुल लोडची हवा भरा, ते राहून जातं.

कार चढवणे, इथे घाई नको

जागा सपाट आणि कडक हवी. ट्रेलर व्हॅनला जोडलेलाच ठेवायचा, सुटा ट्रेलर असताना कार चढवायची नाही कधी. व्हॅनचा हँडब्रेक, गिअर, आणि चाकांना ठोकळे. ठोकळे का, तर कार रॅम्पवरून वर येते तेव्हा तिचं सगळं वजन ट्रेलरच्या मागच्या टोकावर असतं, मागचं टोक खाली बसतं, पुढचं वर जातं आणि व्हॅनची मागची चाकं हलकी होतात. आणि हँडब्रेक बहुतेक व्हॅनमध्ये मागच्या चाकांवरच असतो. हलक्या झालेल्या चाकांवर हँडब्रेक असून नसल्यासारखा, सगळं लटांबर पुढे घसरायला लागतं आणि कार अर्धी रॅम्पवर. म्हणून ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याखाली टेकू देणारे पाय असतील तर ते खाली करा, नसतील तर लाकडी ओंडके लावा, आणि व्हॅनच्या पुढच्या चाकांना ठोकळे.

कार चालू असेल तरी मी विंचने, म्हणजे तार गुंडाळत ओढणाऱ्या चरकाने चढवतो, हळूहळू, कोणी कार आणि विंचच्या रेषेत उभं न राहता. चालवत चढवायची असेल तर आत एकच माणूस, काच खाली, बाहेरचा माणूस बाजूला उभा राहून हाताने खुणा करणार, समोर नाही.

आता उभी कुठे करायची. सगळ्या लेखात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. वजनाचा जास्त भाग ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे पाहिजे, म्हणजे कपलर बॉलवर थोडा दाबून बसतो. साधारण ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० टक्के बॉलवर आलं तर ट्रेलर सरळ चालतो. पण हिचची पण बॉलवरच्या भाराची मर्यादा असते, छोट्या गाड्यांच्या हिचवर बऱ्याचदा ७५ ते १०० किलोच, तर ती ओलांडायची नाही. मर्यादेच्या जवळ जायचं पण आतच राहायचं, आणि तिथे १० टक्के बसत नसेल तर वेग अजून कमी.

मोजायचं कसं? घरातला वजनकाटा घ्या. काटा आणि एक लोखंडी पाइप यांच्यावर आडवी मजबूत फळी ठेवा, काट्यापासून पाइपपर्यंत समजा ९० सेंटिमीटर अंतर, आणि कपलरचा भार पाइपपासून ३० सेंटिमीटरवर टेकवा. काटा जे दाखवेल त्याला तीनने गुणा. २८ दाखवलं तर बॉलवर ८४ किलो. ट्रेलर सपाट पाहिजे आणि चाकांना ठोकळे पाहिजेत मोजताना.

जास्त-कमी आलं तर कार सरकवा. १००० किलोची कार फक्त १० सेंटिमीटर पुढे घेतली आणि एक्सलपासून बॉल साडेतीन मीटरवर असेल तर बॉलवर जवळपास २९ किलो वाढतात. १० सेंटिमीटर! म्हणजे डोळ्याने "बरोबर वाटतंय" हे काही कामाचं नाही. बहुतेक कारचं इंजिन पुढे असतं म्हणून कार तोंड पुढे करून चढवतात, उलटी चढवली तर सगळा तोल मागे जातो.

हा बॉलवरचा भार व्हॅनवर कसा पडतो ते पण बघा. बॉल व्हॅनच्या मागच्या चाकाच्या एक मीटर मागे, व्हीलबेस अडीच मीटर आणि बॉलवर १०० किलो, तर पुढच्या चाकांवरचे ४० किलो कमी होतात आणि मागच्यांवर १४० वाढतात. पुढची चाकं ओढणारी व्हॅन असेल तर ओल्या चढावर ती चाकं फिरत बसतात ते यामुळेच. व्हॅनमधला जड माल मागच्या दारापाशी न ठेवता सीटच्या मागे ढकला. आणि हे १०० किलो व्हॅनच्या माल न्यायच्या क्षमतेतूनच वजा होतात हे विसरू नका.

बांधणे

चार पट्टे, प्रत्येक चाकाला एक, रॅचेटवाले. टायरवरून घालायचे पट्टे सगळ्यात बरे कारण कार सस्पेन्शनवर वर-खाली झाली तरी पट्टा ढिला पडत नाही. चासीला बांधलं तर खड्ड्यात कार खाली दबते, पट्टा क्षणभर सैल होतो, हूक निसटू शकतो. सस्पेन्शनचे आर्म, ब्रेकचे पाइप, टाय रॉड यांना हूक लावू नका, वाकतात. पट्ट्यावर दोन आकडे असतात, तुटायचा भार आणि कामाचा भार, कामाचा बऱ्याचदा तुटायच्या एक तृतीयांश असतो, हिशोब कामाच्या आकड्यानेच करायचा. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर मध्ये जुना रबरी तुकडा. कारचा हँडब्रेक वर, गिअरमध्ये, विंचची तार पण लावलेली राहू दे पण बांधणी म्हणून तिला मोजायचं नाही.

रस्त्यावर

निघाल्यावर १०-१५ किलोमीटरवर थांबायचं. पट्टे परत आवळायचे, हमखास एखादा सैल झालेला असतो. ट्रेलरच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन बघा, कोमट ठीक, हात ठेववत नसेल इतका गरम म्हणजे बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक चिकटलाय. नंतर दर तास-दीड तासाने हेच.

वेग ८० च्या आत, मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच. ८० वरून १०० केलं तर वेग फक्त पाव पटीने वाढला असं वाटतं पण ब्रेकना जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. पुढच्या गाडीपासून चार-पाच सेकंदाचं अंतर. कोणीतरी मध्ये घुसणारच, घुसू द्या, परत अंतर तयार करा.

चढापेक्षा उतार वाईट. ३५०० किलोचं लटांबर १० टक्के उतारावर साधारण ३५० किलोच्या जोराने सतत खाली ओढलं जात असतं, ब्रेक दाबून धरले तर तापतात आणि एका क्षणी पेडल दाबूनही काही होत नाही. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर, इंजिनच्या जोरावर उतरायचं, ब्रेक मारायचा तो थोडा वेळ जोरात आणि मग सोडायचा. चढावर तापमानाच्या काट्याकडे लक्ष, वर सरकायला लागला तर एसी बंद.

वळताना ट्रेलरची चाकं आतून कापतात म्हणून थोडं पुढे जाऊन मग वळा. रिव्हर्सला स्टिअरिंगचा खालचा भाग धरायचा, हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. अगदी थोडं थोडं. चुकलं की पुढे जाऊन सरळ करा, तिथल्या तिथे सुधारायला गेलात की व्हॅन आणि ट्रेलर सुरीसारखे मिटतात.

आता ते डुलणं. मोठा ट्रक बाजूने गेला की हवा आधी बाहेर ढकलते मग आत ओढते, तिथून सुरू होतं, किंवा उतारावर वेग वाढला की. सुरू झालं की अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, बस. डुलण्याच्या विरुद्ध स्टिअरिंग फिरवायचं नाही, तुमचा हात नेहमी उशिरा पोचतो आणि झोका वाढतो. व्हॅनचा ब्रेक जोरात मारायचा नाही, मागचं वजन पुढे येऊन व्हॅनला आडवं करतं. "वेग वाढवला की सरळ होतं" असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. ट्रेलरचे ब्रेक इलेक्ट्रिक असतील आणि वेगळा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हलका लावा, तो मागून ताणून सरळ करतो. शांत झालं की पुढे थांबून बॉलवरचा भार परत बघा, कारण विनाकारण डुलत नाही ते. माझं पण विनाकारण नव्हतं, कार हातभर मागे होती.

दोरीने ओढायचीच वेळ आली तर

बंद कारच्या डिक्कीत स्पेअर चाकाच्या टूलकिटमध्ये टो हूक असतो, बंपरवरची छोटी टोपी काढून तिथे स्क्रू करायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, फिरत नाही म्हणून जबरदस्ती करायच्या आधी दुसरीकडून फिरवून बघा. पूर्ण आत जाऊन टेकला पाहिजे, मग चाकाच्या पान्याने आवळा. दोरीऐवजी टोइंगचा पट्टा, चार-पाच मीटरचा, मध्यभागी रंगीत कापड बांधून म्हणजे बाकीच्यांना दिसेल. चिखलातून गाडी उपटायचे लवचिक पट्टे वेगळे असतात, ते रस्त्यावर ओढायला वापरू नका, रबर बँडसारखी कार मागे-पुढे होते.

मागच्या कारमध्ये चालवता येणारा माणूस हवाच. किल्ली फिरवलेली, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असल्यामुळे पॉवर स्टिअरिंग नाही आणि ब्रेकला बूस्टरची मदत एक-दोनदा दाबेपर्यंतच, नंतर पेडल दगडासारखं होतं आणि पूर्ण पायाचा जोर लावावा लागतो, हे त्याला निघायच्या आधी सांगा आणि उभ्या गाडीत दाबून दाखवा. बॅटरी मेलेली असेल आणि हँडब्रेक इलेक्ट्रिक असेल तर तो सुटणारच नाही, आधी जंप द्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलमधली वेग आणि अंतराची मर्यादा बघा, कित्येकांत वेगाची मर्यादा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असते आणि काहींत ओढायला साफ मनाई.

पुढच्याने क्लच हळू सोडत आधी पट्ट्यातली ढील काढायची, पट्टा ताठ झाला की मग वेग. हिसका दिला की हूक नाहीतर पट्टा जातो. वेग सायकलवाला मागे टाकेल न टाकेल इतकाच. मागच्याने पट्टा कायम ताठ ठेवायचा, म्हणजे थांबताना पुढच्याचा ब्रेकलाइट दिसला की ब्रेक आधी मागच्याने लावायचा, म्हणजे दोघंही मागच्याच्या ब्रेकवर थांबतात. खुणा आधीच ठरवा, फोनवर बोलत चालवायचं नाही.

पोचल्यावर

उतरवणं म्हणजे चढवण्याचं उलटं, पण दमलेल्या माणसाकडून. सपाट जागा, व्हॅन जोडलेली, ठोकळे, मागचे टेकू, आणि मगच पट्टे. शेवटचा पट्टा सोडायच्या आधी कारचा हँडब्रेक ओढलेला आहे ना ते आत हात घालून बघा. विंचवरच उतरवा, तार हळूहळू सोडत. ट्रेलर व्हॅनपासून सोडायचा असेल तर आधी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे, मग लाइटचा प्लग, मग साखळ्या, मग कपलर.

रिकामा ट्रेलर परत नेताना तो इतका हलका असतो की विसरायला होतं मागे काही आहे ते, आणि खड्ड्यात उड्या मारतो. वेग तोच ठेवा आणि रॅम्पच्या पिना लावल्यात का ते बघून निघा.